स्मरणचित्राचा पेपर

ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेत चार पेपर असतात. त्यातल्या स्मरणचित्राच्या पेपरावर माझा जीव आहे. वस्तुचित्राला समोर तांब्या, पेला, एखादं वांगं मांडलेलं असतं. संकल्पचित्राला चौकट दिलेली असते, भूमितीला कंपास आणि मोजमाप. स्मरणचित्राला मात्र तीन-चार विषय छापलेला कागद मिळतो आणि बाकी सगळं पोराच्या डोक्यातून यायचं असतं. भाजीबाजार, बसस्थानक, पोळा, पावसातली शाळा. चित्रात माणसं हवीत आणि ती काहीतरी करत असायला हवीत. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला त्याने स्वतः काय पाहिलंय हे विचारणारी दुसरी परीक्षा आपल्या शिक्षणात मला तरी सापडलेली नाही.

चित्रकार व्हायची सुरुवात इथूनच होते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या पेपराचं आज जे झालंय, ते पाहून राग येतो.

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, जिथे जिथे कलाशिक्षकांशी ओळख झाली तिथे मी मुलांचे सरावाचे कागद मागून पाहत आलो. भाजीबाजार म्हणजे डावीकडे छत्रीखाली बसलेली बाई, उजवीकडे पिशवी धरलेला माणूस आणि मागे दोन टेकड्या. ही बाई अमुक शाळेतही तशीच बसते आणि पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाळेतही तशीच. क्लासमध्ये आकृत्या पाठ करून घेतात: एक बसलेली, एक उभी, एक पाठमोरी. विषय कोणताही येवो, त्याच तिघी जागा बदलून येतात. आणि नारळाची झाडं! नेर-दारव्ह्याकडचं पोर गावाचं चित्र काढताना लाल कौलांचं घर आणि त्यावर झुकलेला नारळ काढतं. त्याच्या वर्गाच्या खिडकीबाहेर कडूनिंब असतो, शेताच्या धुऱ्यावर बाभूळ आणि पळस असतात, पांढरकवड्याच्या रस्त्याने गेलं तर सागाचं रान लागतं. नारळ त्याने पाहिलेला असतो तो देवळात, शेंडीसकट. मग ही कोकणपट्टी त्याच्या कागदावर आली कुठून? पाठ केलेल्या चित्रातून. याला स्मरण कसं म्हणायचं?

घाटंजी तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. ती तेव्हा इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेची तयारी करत होती आणि तिने सरावाला 'कापूस वेचणी' काढली होती. चित्र नीटनेटकं होतं, पण वेचणाऱ्या बाया निंदणाला बसल्यासारख्या उकिडव्या बसल्या होत्या. मी एवढंच म्हटलं, "तुझी आई अशी वेचते का?" ती थांबली. मग उठून उभी राहिली, अर्धवट वाकली आणि दोन्ही हात पुढे करून हवेतलीच बोंडं वेचायला लागली. पऱ्हाटी कमरेएवढी असते, त्यामुळे बाई ना धड उभी असते, ना धड वाकलेली. दोन्ही हात एकाच वेळी चालतात. पोटाशी बांधलेली ओटी भरत जाते तसा तोल पुढे जातो, म्हणून पाय मागे फाकतात. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोचतात म्हणून बोटं चिमटीसारखी जपून आत शिरतात. हे सगळं तिच्या अंगात होतं, कागदावर मात्र पाठ केलेली बाई आली होती. तिने तिथेच मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने तो अर्धवट वाक काढला. हात चुकले होते, पण बाई तिची आई होती.

मग कापसाच्या रंगावर आमचं अडलं. मी म्हटलं, कागद पांढरा आहे, कापसाला कोराच सोड. ती म्हणाली, "काका, थे पांढरं नाही दिसत जी. संध्याकाळी जांभळंवानी दिसते." खरंच तसंच दिसतं. दिवस कलताना पश्चिमेचा उजेड बोंडाच्या एका कडेला पिवळट लागतो आणि सावलीतली बाजू निळसर-जांभळी होते. हे ज्या पोरीला कोणी सांगितलेलं नसताना दिसतं, तिला पुढे काय शिकवायचं हा प्रश्न शिकवणाऱ्याचा आहे.

पाहिलेलं आठवून काढण्याचा जगात पद्धतशीर विचार झालेला आहे, आणि तो आपल्या कलाशिक्षकांपर्यंत पोहोचावा असं फार वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये होरास लकॉक द बुआबोद्राँ नावाचा चित्रकलाशिक्षक होता. तो विद्यार्थ्यांना वस्तू नीट पाहायला लावी, मग ती नजरेआड करून काढायला लावी. सोप्या आकारापासून सुरुवात करून पुढे चेहरे, प्रसिद्ध चित्रं, चालती-फिरती माणसं. पुढे जगप्रसिद्ध झालेला शिल्पकार रोदँ त्याच्याच हाताखाली शिकला. लंडनमध्ये व्हिस्लर हा चित्रकार टेम्स नदीची रात्रीची चित्रं करायचा. तो नदीकाठी उभा राहून दृश्य डोळ्यांत भरून घेई, मग पाठ फिरवून सोबत्याला म्हणून दाखवी: अमुक ठिकाणी दिवा, त्याखाली पाण्यात इतकी लांब रेघ, आकाश पाण्यापेक्षा असं. चुकलं तर पुन्हा वळून पाहायचं. चित्र दुसऱ्या दिवशी स्टुडिओत व्हायचं. हा खेळ आपल्या आठवीच्या वर्गात पैसा न लावता खेळता येतो. धामणगावच्या बसच्या खिडकीतून एक शेत पाहा, डोळे मिटा, शेजारच्याला सांगा.

धामणगावचं नाव मुद्दाम घेतलं. यवतमाळच्या माणसाला मुंबईची मोठी गाडी धरायची तर धामणगाव गाठायचं, अशीच आमची रीत. त्या धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर आहे. शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी, सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक असलेलं गाव. १९१७ साली तिथे हरी अंबादास गाडे जन्मले. आमच्या जिल्ह्यातल्या किती शाळांत हे नाव उच्चारलं जात असेल? १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला तेव्हा त्याचे सहा संस्थापक होते: सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास ज्या सहा नावांनी सुरू करायची पद्धत पडली आहे, त्यातलं एक नाव पऱ्हाटीच्या मुलखातलं. हुसेन-रझांच्या झोतात ते मागे पडलं, याची मला हळहळ वाटते.

गाडे विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी शिकवण्याची नोकरी केली आणि नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली. मला त्यांच्या चित्रांची ओढ वाटते ती रंगामुळे. त्यांच्या निसर्गचित्रांत घरं, छपरं, उतार हे रंगाच्या तुकड्यांनी एकमेकांना टेकून उभे राहतात. वस्तू कोणती यापेक्षा एका रंगाशेजारी दुसरा रंग काय करतो, यावर त्यांचा डोळा. विज्ञान शिकलेल्या माणसाने रंगाकडे असं प्रयोगासारखं पाहिलं असेल, हा माझा तर्क. त्या तुकड्यांत मला मार्च-एप्रिलमधलं आमचं रान दिसतं, पानं झडलेल्या फांद्या आणि मधेच पेटलेला पळस.

गाडेंना त्या ग्रुपमध्ये आणलं सय्यद हैदर रझांनी. रझाही याच बाजूचे. यवतमाळ आणि मंडला तेव्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी रझांचा जन्म झाला. वडील जंगलखात्यात. १९३९ ते ४३ ते नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. मुंबईला शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पण पोहोचायला उशीर झाला आणि ती हातची गेली. परत न जाता त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली, तिथून मुंबईचे रस्ते पाहिले आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. पुढे १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांना छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटला. चित्रं चांगली आहेत पण त्यांत बांधणी नाही, सेझानची चित्रं पाहा, असं त्याने सांगितलं. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले.

इथेच माझा स्मरणचित्राचा पेपर पुन्हा येतो. फ्रान्सची गावं, चर्च, टेकड्या रंगवून झाल्यावर रझांच्या कॅनव्हासवर हळूहळू काळोख उतरला, तो मंडल्याच्या जंगलाचा. लहानपणी त्या रानातल्या रात्रींची भीती वाटे आणि बाजाराच्या दिवशीच्या रंगांनी जीव भांड्यात पडे, असं ते सांगत. शाळेत लक्ष लागत नव्हतं तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितलं, ही त्यांची आठवण तर सर्वांना माहीत आहे. त्या ठिपक्याचा 'बिंदू' व्हायला काही दशकं गेली. मग तोच बिंदू त्यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगवला. काही टीकाकारांना ही पुनरुक्ती वाटली. मला वाटत नाही. एकाच गोष्टीकडे रोज परत गेल्याशिवाय तिच्या पोटात काय आहे ते कळत नाही. रझा २०१० मध्ये भारतात परतले, २०१६ मध्ये दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांशेजारी त्यांचं दफन झालं. मी मुद्दाम मंडल्याला जाऊन आलो. नर्मदेच्या घाटावरून पलीकडे पाहताना त्यांच्या चित्रांतला काळा कुठून आला असेल, याचा अंदाज बांधत बसलो होतो. त्या रानातला काळोख निळा आहे, हे तिथे कळलं.

आता थोडी व्यवहाराची माहिती, कारण पालक हटकून विचारतात. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन दृश्यकलेच्या पदवीला जाता येतं. शासकीय कलासंस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईचं जे. जे. १८५७ पासूनचं. शाळेत शिकवायचं असेल तर ए. टी. डी. हा जुना, खात्रीचा रस्ता आहे आणि तालुक्याच्या गावांतले अनेक चांगले चित्रकार त्याच रस्त्याने आले. पदवीने हात तयार होतो. स्वतःचं काम कोणतं, हे पदवी सांगत नाही.

ते कसं सापडतं, याची दोन उदाहरणं मला फार जवळची आहेत. एक प्रभाकर बरवे. नागावात जन्मलेले, विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केलेले. ते रोजनिश्या लिहीत आणि त्यांत शब्दांबरोबर छोटी चित्रं, आकार, वस्तूंची टिपणं असत. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत आहे, हे आपलं भाग्य. चित्र सुचतं कसं, याचा इतका शांतपणे घेतलेला शोध मी मराठीत दुसरा वाचलेला नाही. दुसरे वासुदेव गायतोंडे, १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेले. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत. रंगाचे थर रोलरने, सुरीने चढवायचे, कागदाच्या तुकड्यांनी उचलायचे, थांबायचं, पाहायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, आणि डोळा सरावला की खालचे थर वर येऊ लागतात. त्यांच्यात नागपूर शोधू नये. त्यांनी आपल्या चित्रांतून वस्तूच काढून टाकल्या होत्या. गायतोंडे आणि आमचे गाडे, दोघेही २००१ मध्येच गेले.

घाटंजीच्या त्या मुलीकडे आता दोन वह्या आहेत. एकीत समोर पाहून काढायचं, दुसरीत घरी आल्यावर आठवून. दुसऱ्या वहीतलं चित्र पहिलीशी ताडून पाहायचं नाही, असा तिचा नियम आहे. चूक झाली तर ती चूकच कामाची, असं ती म्हणते. ती सध्या नागपुरात पदवीचं शिक्षण घेते आणि सुट्टीत गावी आली की मातीचे रंग करते. आमची काळी माती पाण्यात कालवायची, खडे तळाशी बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून निवळत ठेवायचं. खाली बसलेला मऊ साका वाळवून घोटायचा. त्यात रात्रभर भिजवलेल्या धावड्याच्या डिंकाचं पाणी. हा डिंक आमच्याकडे लाडवांसाठी घरात असतोच. पातळ लावलं तर राखाडी-तपकिरी छटा येते. जाड लावलं की वाळताना तडे जातात, कारण या मातीतली चिकण पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्याच कारणाने कागदावरही पडतात. महाविद्यालयातल्या कोणीतरी तिला डिंक वाढवून तडे बंद करायला सांगितलं. तिने उलट माती वाढवली.

सध्या तिला जिनिंग कारखान्याच्या आतला उजेड काढायचा आहे. कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, माणसं त्यांतून पुसट दिसतात, आणि पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की तो सगळा पट्टा पेटल्यासारखा होतो. माझं म्हणणं, कोरा कागद राखून भोवती रंगव, जलरंगाची ती रीतच आहे. तिला ते पटत नाही. तिने आधी अख्खा कागद काळ्या मातीने माखलाय आणि वाळल्यावर ओल्या फडक्याने उजेड पुसून काढायचा तिचा बेत आहे. पहिल्या दोन कागदांचा लगदा झाला. आता ती जाड हातकागद शोधते आहे. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात येतो, तेव्हा सुट्टी टाकून घाटंजीला यायचं तिने ठरवलं आहे.