वॉर्सॉ ते शिकागो : पोलिश समाजाचे दुसरे घर

पोलंडबाहेर राहणाऱ्या पोलिश समाजाला ‘पोलोनिया’ म्हणतात. पोलिश वंशाचे सुमारे दोन कोटी लोक जगभर विखुरलेले आहेत. त्यांतले ऐंशी ते नव्वद लाख एकट्या अमेरिकेत आहेत आणि शिकागो हे त्यांचे सर्वांत नावाजलेले केंद्र आहे. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. त्यानंतर १२३ वर्षे हा देश नकाशावर नव्हता. तुटपुंजी जमीन आणि सक्तीची लष्करभरती यांना कंटाळलेली शेतकरी कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेकडे निघाली. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलादाचे कारखाने यांना मजूर हवेच होते.

परमुलखात या लोकांनी सर्वांत आधी चर्च उभारले. सेंट स्टॅनिस्लॉस कोस्तका हा शिकागोतला पहिला पोलिश पॅरिश १८६७ सालचा. शतकाच्या अखेरीस त्याची सभासदसंख्या चाळीस हजारांच्या आसपास पोहोचली. पुढे शहरातला महामार्ग आखताना हे चर्च पाडण्याऐवजी रस्त्यालाच वळण द्यावे लागले, इतके या समाजाचे वजन होते. चर्चपाठोपाठ शाळा, विमा देणाऱ्या परस्पर साहाय्य संस्था आणि वर्तमानपत्रे आली. १८८० साली स्थापन झालेली पोलिश नॅशनल अलायन्स ही त्यांतली मोठी संस्था. तिने १९०८ साली शिकागोत सुरू केलेले पोलिश दैनिक शंभरी ओलांडून गेले आहे.

मायदेश आणि ही वस्ती यांच्यातला दुवा प्रवासाच्या साधनांबरोबर बदलत गेला. पहिल्या पिढ्या बोटीने आल्या आणि बहुतेक कायमच्या आल्या. १९३६ साली ग्दिनिया बंदरातून ‘बातोरी’ हे आलिशान जहाज न्यूयॉर्कला जाऊ लागले. हेच जहाज १९५१नंतर काही वर्षे मुंबईलाही येत असे. लॉट या पोलिश विमान कंपनीची न्यूयॉर्कसाठी नियमित सेवा १९७३ साली सुरू झाली. डिसेंबर १९८१मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, तेव्हा अमेरिकेने निर्बंध म्हणून पोलिश विमानांचे येणेजाणे थांबवले आणि कित्येक कुटुंबांची ताटातूट झाली. जानेवारी २०१३मध्ये या कंपनीच्या ड्रीमलायनर विमानाने लांब पल्ल्याचे पहिले उड्डाण केले, तेही शिकागोलाच.

वॉर्सॉ ते शिकागो हे अंतर सुमारे साडेसात हजार किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडून, स्कँडिनेव्हिया आणि ग्रीनलंडच्या बाजूने जातो. पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा असल्याने दहा तासांच्या आसपास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी येतो आणि वेळ वाचतो. संध्याकाळी पाचला निघालेला प्रवासी उतरतो तेव्हा शिकागोत रात्रीचे आठ वाजलेले असतात, पण त्याच्या शरीराच्या लेखी पहाटेचे तीन झालेले असतात. हा सात तासांचा फरक अंगवळणी पडायला काही दिवस जातात.

पोलिश शिकागो पाहायला निघालेल्याने मिलवॉकी अॅव्हेन्यूच्या परिसरापासून सुरुवात करावी. इथल्या दुकानांत धुरावलेले सॉसेज, राईचा पाव, सारण भरलेले पिएरोगी मिळतात आणि ईस्टरआधीच्या उपासकाळापूर्वीच्या गुरुवारी पोंच्की या तळलेल्या गोड पदार्थासाठी रांगा लागतात. जवळच, १९३५ साली स्थापन झालेल्या पोलिश म्युझियम ऑफ अमेरिकामध्ये इग्नात्सी पादेरेव्स्की यांची खोली आहे. थोर पियानोवादक आणि स्वतंत्र पोलंडचे पंतप्रधान राहिलेले पादेरेव्स्की १९४१ साली न्यूयॉर्कच्या हॉटेलात वारले. तिथले त्यांचे सामानसुमान या खोलीत जतन केले आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घराघरांत ‘ओप्वातेक’ नावाची कागदासारखी पातळ पोळी एकमेकांच्या हातची मोडून खाल्ली जाते आणि शुभेच्छा दिल्या जातात. जेवणाच्या टेबलावर एक ताट अनपेक्षित पाहुण्यासाठी रिकामे ठेवतात. दूरच्या नातलगांना हीच पोळी पत्रातून पाठवण्याची रीत आहे.

गेल्या वीस वर्षांत चित्र पालटले आहे. २००४ साली पोलंड युरोपीय संघात गेल्यावर तरुणांना ब्रिटन आणि आयर्लंड जवळचे झाले. शिकागोकडचा ओघ आटला आणि जुनी कुटुंबे उपनगरांत पांगली. २०१९पासून पोलिश नागरिकांना अल्प मुक्कामासाठी अमेरिकेचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे भेटीगाठी वाढल्या. पण घरात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना पोलिश शिकवण्याचे काम आता प्रामुख्याने शनिवारच्या शाळांवर आले आहे. आठवडाभर अमेरिकन शाळेत जाणारी मुले सुटीच्या दिवशी तिथे पोलिश भाषा, इतिहास आणि भूगोल शिकतात.

या समाजाची हीच घडण महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. निर्वासितांच्या त्या छावणीतही चर्च, शाळा आणि स्काउट पथके उभी राहिली होती.

विमानाने मायदेश दहा तासांवर आणला, पण दीडशे वर्षे हा समाज टिकला तो स्वतःच्या खिशातून चालवलेल्या शाळा, चर्च आणि वर्तमानपत्रांमुळे. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळींनी शिकागोला गेल्यावर एखादी शनिवारची पोलिश शाळा अवश्य पाहावी.