मातीच्या गाळणीचं गणित

चिकणमातीत लाकडाचा भुसा कालवायचा, कुंडीचा आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचं. भुसा जळून जातो, मागे उरतात बारीक छिद्रं. त्यांतून पाणी झिरपतं. गाळ आणि बहुतेक जिवाणू अडकतात. ग्वाटेमालाचे फर्नांडो मासारिएगोस यांनी १९८१ साली ही गाळणी तयार केली. १९९८च्या मिच चक्रीवादळानंतर ‘पॉटर्स फॉर पीस’च्या रॉन रिव्हेरा यांनी निकाराग्वात तिचं उत्पादन वाढवलं आणि पुढे देशोदेशीच्या कुंभारांना ती शिकवली.

कृती सोपी, पण शंभरावी कुंडी पहिलीसारखीच उतरवणं कठीण. भुसा चाळूनच घ्यावा लागतो, कारण मोठा कण म्हणजे मोठं छिद्र. भुसा जास्त झाला तर पाणी भराभर गळतं आणि कुंडी लवकर फुटते. कमी पडला तर घरापुरतंही पाणी मिळत नाही. शिवाय एका गावच्या मातीला बसलेलं प्रमाण दुसऱ्या गावच्या मातीला बसेलच असं नाही. कंबोडियात भुशाऐवजी भाताचं तूस दळून घालतात. भुवनेश्वरच्या सरकारी प्रयोगशाळेत घडलेल्या ‘टेराफिल’मध्ये लाल माती आणि भुशाच्या जोडीला नदीची वाळू असते.

खरी कसोटी भट्टीची. सुरुवातीला आच हळूहळू वाढवावी लागते, नाहीतर भुसा नीट जळत नाही, गाभा काळा राहतो आणि तडे जातात. भट्टी साधारण ८५० अंशांच्या आसपास पोचवतात. त्याहून फार कमी भाजली तर माती कच्ची राहते. फार जास्त भाजली तर ती वितळू लागते आणि छिद्रं बुजतात. उद्योगांतल्या अॅल्युमिनाच्या गाळण्यांना १४०० अंशांहून अधिक उष्णता लागते. मातीच्या गाळणीच्या स्वस्तपणाचं एक कारण ही इंधनबचत आहे.

भाजलेली प्रत्येक कुंडी पाण्यात भिजवून, मग काठोकाठ भरून तासाभरात किती पाणी उतरलं ते मोजतात. एक ते अडीच-तीन लिटर म्हणजे ठीक. त्याहून वेगाने गळणारी फोडून टाकायची. अशी कुंडी गिऱ्हाइकाला उलट आवडेल, म्हणूनच ती कारखान्याबाहेर जाता कामा नये. त्यानंतर चांदीच्या सूक्ष्म कणांचा हात दिला जातो.

कंबोडियातल्या एका अभ्यासात गाळणी वापरणाऱ्या घरांत अतिसाराचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळलं. विषाणू मात्र या छिद्रांतून बरेचसे निसटतात आणि पाण्यात विरघळलेली रसायनंही. तेव्हा गाळणी विकत घेताना किंमत जरूर पाहा. पण ताशी किती लिटर, हे मोजलंय का, ते आधी विचारा.