भेदपरीक्षकाचा व्यवसाय

मुरुडजवळ राजपुरीसमोर भर समुद्रांत उभा असलेला जंजिऱ्याचा कोट सर्वांस परिचित आहे. शिवछत्रपतींनीं त्याला शह देण्यासाठीं पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनीं १६८२ च्या सुमारास मधलें पाणी बुजवून सेतु घालण्याचा उद्योग आरंभिला. परंतु सिद्दीचा हा जलदुर्ग त्यांच्या हातीं आला नाहीं. तटाचें बळ चालून येणाऱ्यासच कळतें. मात्र शत्रूनें घेतलेल्या परीक्षेंत तट उणा पडला, तर किल्लाच जातो. म्हणून ती परीक्षा आधीं आपल्याच माणसाकडून करून घ्यावी, हें शहाणपण. संगणकाच्या जगांत याच शहाणपणांतून एक नवा व्यवसाय निघाला आहे. त्यास ‘पेनिट्रेशन टेस्टिंग’ म्हणतात. आपण त्यास भेदपरीक्षा म्हणूं.

या परीक्षेची गरज किती, हें पुण्यांत दिसून आलें. कॉसमॉस बँक ही १९०६ सालीं स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत चोरांनीं तिचे सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले. कोणीं तिजोरी फोडली नाहीं. एटीएम यंत्र पैसे देण्यापूर्वीं बँकेच्या संगणकास विचारतें. चोरांनीं मध्येंच आपली खोटी व्यवस्था बसविली व तीच प्रत्येक मागणीस होकार देऊं लागली. नकली कार्डांनीं अनेक देशांतून पैसे निघाले. शिवाय सुमारें १४ कोटि रुपये हाँगकाँगकडे वळविण्यांत आले. असें छिद्र चोराच्या आधीं शोधणें, हेंच भेदपरीक्षकाचें काम.

तें काम चार पायऱ्यांनीं चालतें. प्रथम मालकाशीं लेखी करार होतो. कोणते संगणक तपासावयाचे, किती दिवस, आणि कशास हात लावावयाचा नाहीं, हें त्यांत नमूद असतें. मग टेहळणी: कोणतीं दारें उघडीं आहेत, कोठें जुनाट प्रोग्रॅम चालू आहेत, कोणता परवलीचा शब्द दुबळा आहे. त्यानंतर प्रत्यक्ष शिरकाव. शेवटीं अहवाल, छिद्र कोठें, त्यानें हानि किती, तें बुजवावें कसें. अनेक तरुणांस तिसरी पायरी तेवढी आकर्षक वाटते. पण मालक पैसे मोजतो ते चौथीसाठीं.

चोर आणि परीक्षक यांची विद्या एकच. भेद आहे तो परवानगीचा. परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणाऱ्यावर, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वयें भरपाईची जबाबदारी येते. तेंच अप्रामाणिक वा कपटी हेतूनें केल्यास ६६ व्या कलमाप्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद, पांच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आपल्या कॉलेजचा संगणक ‘सहज गंमत म्हणून’ उघडून पाहणाऱ्या हुशार मुलाचें आयुष्य एका रात्रींत बिघडूं शकतें. आईबापांनीं मुलास ही गोष्ट प्रथम समजावून द्यावी.

मग शिकावें कसें? आधीं संगणकांचें परस्पर दळणवळण, लिनक्स आणि पायथॉनसारखी एखादी भाषा पक्की करावी. पाया नसतां आयतीं हत्यारें चालविणें म्हणजे अर्थ न कळतां श्लोक घोकणें होय. सराव स्वतःच्याच संगणकावर, मुद्दाम सदोष बनविलेल्या प्रोग्रॅमवर करावा. ‘ओवॅस्प’ या संस्थेचे असे प्रोग्रॅम फुकट मिळतात. कित्येक कंपन्या ‘बग बाउंटी’ या नांवानें, ठरवून दिलेल्या मर्यादेंत, दोष शोधणारास बक्षीस देतात. ‘ओएससीपी’ या नामांकित परीक्षेंत सुमारें चोवीस तास प्रत्यक्ष भेदन, व नंतरचे चोवीस तास अहवाललेखन असतें. एवढ्यावरूनच लेखनाचें महत्त्व ध्यानांत यावें.

आरंभीं थेट परीक्षकाची जागा क्वचितच मिळते. नेटवर्कची देखभाल किंवा पहाऱ्याच्या कक्षांतील नोकरी, ही पहिली पायरी समजावी. पुढें सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें मान्य केलेल्या तपासणी-कंपन्यांचें दार उघडूं शकतें. मुरुडसारख्या गांवांतील मुलासहि हा अभ्यास घरीं बसून आरंभितां येतो. संगणक, इंटरनेट आणि चिकाटी एवढेंच भांडवल लागतें.

तथापि या व्यवसायांत लोक आपल्या घराच्या किल्ल्या परक्याच्या हातीं देतात. बुद्धि पाहून काम मिळेल. पण दुसऱ्यांदां बोलावणें येतें तें सचोटी पाहूनच.