भोंगा नंतर वाजतो

खून झालेल्या घरासमोर पोलिसांची गाडी उभी आहे, टपावरचा दिवा भिंतीवर लाल-निळे पट्टे फिरवतोय, सायरन वाजतोय आणि निरीक्षक शेजाऱ्यांची जबानी घेतोय. चित्रपटातलं हे दृश्य ज्या रात्री चित्रित झालं, त्या रात्री तिथे सायरन बहुधा वाजलेलाच नसतो. तो नंतर कधीतरी स्टुडिओत चढवला जातो.

याचं कारण संकलनात आहे. दोन माणसांचं बोलणं तीन-चार कोनांतून, पुन्हा पुन्हा घेतलं जातं. अमेरिकी गाड्यांचा ‘वेल’ हा सायरन सावकाश चढतो आणि उतरतो. मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा. समजा, निरीक्षकाचा प्रश्न सूर चढत असताना संपला आणि शेजाऱ्याचं उत्तर दुसऱ्या टेकमधलं, सूर उतरत असतानाचं निघालं. दोन्ही तुकडे जोडले की सांध्यावर सायरन उडी मारतो. चित्रातला सांधा डोळा चालवून घेतो. कानाला मात्र हा तुटलेला सूर लगेच खुपतो. शिवाय संवादावर एकदा बसलेला सायरन स्वच्छ वेगळा काढणं महाकठीण. म्हणून सेटवर दिवे चालू, भोंगा बंद. मिश्रणात मग एकच अखंड सायरन सगळ्या तुकड्यांखालून वाहत ठेवतात.

याचा भार नटांवर पडतो. आजूबाजूला सगळं शांत असताना, कानठळ्या बसवणारा आवाज चालू आहे असं धरून बोलायचं. नट घरातल्यासारखा हळू बोलला, तर मिश्रणात सायरन दाबावाच लागतो, आणि समोर उभी असलेली गाडी दोन गल्ल्या पलीकडे असल्यासारखी ऐकू येते. अशा दृश्यात नटाने गळ्याची शीर ताणून बोललेलं एक वाक्य महागड्या यंत्रसामग्रीपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे संवाद नंतर डब करायची पद्धत होती, तेव्हा हा प्रश्न डबिंगच्या खोलीत सुटत असे. ‘लगान’नंतर (२००१) हिंदीत जागेवरच ध्वनिमुद्रण करण्याचं वळण वाढत गेलं, आणि सेटवरच्या शांततेला किंमत आली.

गाडी धावत असेल, तर काम आणखी नाजूक होतं. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा १,००० हर्ट्झचा सूर समोर उभ्या माणसाला सुमारे १,०५० हर्ट्झचा ऐकू येतो. गाडी पुढे गेली की तोच सुमारे ९५५वर उतरतो. हा डॉप्लर परिणाम. म्हणजे ‘रे’पासून ‘सा’पर्यंतच्या अंतराला थोडीशी कमी अशी ही घसरण. उभ्या गाडीचा मुद्रित केलेला सायरन वापरायचा, तर ही घसरण हाताने घालावी लागते, आणि ती कुठे घालायची यात खरी कसोटी असते. गाडी चौकटीबाहेर जाते तेव्हा नव्हे, कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जाते त्या क्षणी. गाडी अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली, तर सूर झटकन पडतो. लांबच्या रस्त्यावरून गेली, तर हळूहळू. मला पळत्या गाडीचा सायरन खोटा वाटतो, तेव्हा बहुतेकदा इथेच गफलत झालेली असते.

सायरन शहरही सांगतो. फ्रान्सच्या पोलीसगाडीचा भोंगा ४३५ आणि ५८० हर्ट्झ या दोनच सुरांवर हेलकावतो. आपल्या भाषेत सा आणि शुद्ध मध्यम. पॅरिसच्या गल्लीत न्यूयॉर्कचा चढता-उतरता सूर घातला, की दृश्य तिथेच पडतं.

दिव्यांची गोष्ट वेगळी. जुन्या फिरत्या दिव्यात बल्ब सतत पेटलेला असतो आणि त्याच्याभोवती आरसा फिरतो. प्रकाश भिंतीवरून, चेहऱ्यावरून सरकत जातो आणि कॅमेऱ्याला तो सहज टिपता येतो. क्सेनॉनच्या झगझगाटी दिव्याची चमक मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच टिकते. फिल्म कॅमेऱ्याचं शटर सेकंदाला २४ चौकटी घेताना साधारण निम्मा वेळ बंद असतं. चमक त्या वेळेत आली, तर फिल्मवर दिसतच नाही. आजच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांत तऱ्हा निराळी: सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. शिक्षक पहिल्या बाकापासून हजेरी घेत असताना मध्येच क्षणभर वीज चमकावी आणि काहीच बाकांवर उजेड पडावा, तसं होतं. चित्रात अर्धी चौकट उजळ, अर्धी काळोखी असा आडवा पट्टा उमटतो.

निळ्या एलईडीची आणखी एक अडचण आहे. नेहमीच्या सेन्सरमध्ये निळा प्रकाश टिपणारे बिंदू एकूण बिंदूंच्या पाव हिश्शाएवढेच. शुद्ध निळा प्रकाश थेट भिंगात आला की तेवढेच बिंदू भरून वाहतात आणि दिव्याच्या जागी तपशील नसलेला डाग राहतो. म्हणून प्रकाशयोजनाकार टपावरचा दिवा मंद करतात आणि चेहऱ्यावर पडणाऱ्या झोतासाठी चौकटीबाहेर वेगळा दिवा लावतात. कमी पैशांच्या मालिकेत तर गाडी आणतच नाहीत: पडद्यावर सरकणारा लाल-निळा उजेड आणि खाली सायरन, एवढ्यावर पोलीस आले असं प्रेक्षक मानतो. मला ही युक्ती लबाडीची वाटत नाही. चांगल्या प्रकाशयोजनाकाराच्या हातात ती खऱ्या गाडीइतकीच भरते.

भारतीय कथेत कला दिग्दर्शकाला सालही सांभाळावं लागतं. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. त्यानंतरच्या कथेत मंत्र्याच्या टपावर तो दिसता कामा नये.

शेवटची तपासणी प्रेक्षकाच्या प्रकृतीसाठी असते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. ब्रिटनच्या प्रसारण नियमांत मोठ्या भागावरची लुकलुक सेकंदाला तीनपेक्षा जास्त चालत नाही. गडद लालवर तर विशेष नजर असते. पडद्याच्या पाव भागापेक्षा लहान दिव्याला सवलत मिळते. म्हणून टपावरचा दिवा दूरच्या चौकटीत खुशाल चमकतो. तोच उजेड आरोपीच्या चेहऱ्यावर पडून सगळी चौकट भरू लागला, की संकलक त्याची चमक उतरवतो किंवा शॉटच बदलतो.