नवं गाव न वसवता इकोव्हिलेज : मोताळ्याचं सिंदखेड

इकोव्हिलेज, म्हणजे पर्यावरणपूरक गाव, म्हटलं की आठवतं पुदुच्चेरीजवळचं ऑरोव्हिल, १९६८ साली उजाड पठारावर वसवलेलं. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडची गोष्ट वेगळी आहे. इथे जुनंच गाव पाण्यासाठी एकत्र आलं.

साल २०१८. पानी फाउंडेशनची गावांसाठीची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा होती ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे विदर्भातल्या ऐन उन्हाचे ४५ दिवस. नियम कडक होते. गावातल्या निवडक लोकांनी आधी प्रशिक्षण घ्यायचं, मग घरोघरी शोषखड्डे, रोपवाटिका, श्रमदान आणि पाण्याचा ताळेबंद. कामाचं सूत्र ‘माथा ते पायथा’: वर सलग समतल चर खोदले की पाणी तिथेच मुरतं, माती वाहून जात नाही आणि खालचे बंधारे गाळाने भरत नाहीत.

राज्यभरातल्या ७५ तालुक्यांतल्या गावांमध्ये सिंदखेडने साताऱ्याच्या भांडवलीसोबत दुसरा क्रमांक विभागून पटकावला.

त्याच वर्षी १ मे रोजी शहरांतले हजारो ‘जलमित्र’ गावोगावी कुदळ-फावडं घेऊन उतरले होते. इकोव्हिलेजच्या ओढीने खेड्यात राहायला जायचा विचार आहे? मग जमीन बघण्याआधी एका उन्हाळ्यात त्या गावासोबत श्रमदान करा. गाव तुम्हाला ओळखेल, तुम्ही गावाला!