मुलांच्या अंगावरील गाठ : एका विरळ रोगाची ओळख

शाळेत येणाऱ्या मुलांच्या अंगावर गाठी, फोड व सूज हे प्रकार वारंवार दृष्टीस पडतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. डोक्यात फोड झाले अथवा घसा सुजला की मानेत गाठी येतात. मूळ दुखणे बरे झाले म्हणजे त्या बहुधा आपोआप बसतात. अशा शेकडो निरुपद्रवी गाठींत एखादी गाठ निराळ्या जातीची असते. तिची माहिती प्राथमिक शिक्षकास असावी, या हेतूने हा लेख दिला आहे.

रोगाचे स्वरूप

हाडे व अंतरिंद्रिये वगळता शरीरात जे स्नायू, चरबी, शिरा व त्यांना बांधणारे तंतू असतात, त्यांस मृदु ऊती म्हणतात. या ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगास सार्कोमा असे नाव आहे. मुलांत आढळणारा त्याचा मुख्य प्रकार म्हणजे ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. या लांबलचक नावातील ग्रीक शब्दांचे अर्थ काठी, स्नायू व मांस असे आहेत. स्नायू बनण्याच्या मार्गावर असलेल्या पेशी पक्व न होता अनिर्बंध वाढू लागतात व त्यांची गाठ बनते. ही गाठ डोळ्याच्या खोबणीत, नाकात, कानात, मूत्राशयाजवळ, वृषणाशेजारी किंवा हातापायांत होऊ शकते.

हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या शेजारी बसल्याने, त्याच्यासह जेवल्याने किंवा खेळल्याने तो कोणालाही होत नाही.

लोकसंख्येतील प्रमाण

अमेरिकेतील नोंदींप्रमाणे वीस वर्षांखालील दर दहा लक्ष मुलांमागे वर्षाकाठी सुमारे चार ते पाच मुलांना हा रोग होतो. निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांच्या आतील असतात. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण किंचित अधिक आहे.

या आकड्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. शंभर मुलांच्या एका शाळेत असा एक रुग्ण दिसण्यास सरासरीने दोन हजारांहून अधिक वर्षे लागतील. परंतु हेच प्रमाण धरल्यास एक कोटी मुलांमध्ये दरवर्षी चाळीस ते पन्नास मुले या रोगाने पीडित होतील. एका शाळेस जे अशक्यप्राय वाटते, ते मोठ्या प्रदेशात दरवर्षी घडतच असते. म्हणून विरळ रोगाची खरी अडचण अशी की, तो ज्याच्यासमोर येतो त्याने तो पूर्वी कधी पाहिलेला नसतो, आणि त्यामुळे निदानास विलंब होतो.

एकत्र नोंदींचे महत्त्व

जे एका डॉक्टरास दिसत नाही, ते अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्याने दिसते. अमेरिकेतील फ्रेडरिक ली व जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ साली या रोगाच्या ६४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी काही थोड्या कुटुंबांत भावंडांनाही सार्कोमा झाल्याचे व तरुण वयाच्या मातांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे त्यांना आढळले. यामागील आनुवंशिक दोष १९९० साली सापडला. तथापि बहुसंख्य मुलांत हा रोग आनुवंशिक नसतो. म्हणून मातापित्यांस दोष देणे सर्वथा अनुचित होय.

एकेका रुग्णालयाकडे असे रुग्ण फार थोडे येत. तेव्हा १९७२ साली अमेरिकेतील निरनिराळ्या वैद्यकीय गटांनी एकत्र येऊन उपचारांचा संयुक्त अभ्यास आरंभिला. औषधे, शस्त्रक्रिया व किरणोपचार यांची योग्य सांगड त्यातून बसत गेली. पूर्वी केवळ शस्त्रक्रियेवर भिस्त असे, तेव्हा थोडीच मुले वाचत. आता पूर्ण उपचार मिळाल्यास दहांपैकी सहासात मुले वाचतात. रोग एकाच जागी असेल तर आशा अधिक. तो फुप्फुसांत वा हाडांत पसरला असेल तर पुष्कळच कमी. वेळेचे मोल यातच आहे.

या रोगावरील एक प्रमुख औषध व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मात्र पाल्याच्या मोठ्या राशीतून ते अत्यल्प निघते व ते शिरेतूनच, मोजून द्यावे लागते. सदाफुलीचा पाला विषारी असून तो खाणे किंवा त्याचा काढा घेणे धोक्याचे आहे, हे गावात अवश्य सांगावे.

शिक्षकांनी काय पाहावे

१. दोनतीन आठवड्यांत न बसणारी, उलट वाढत जाणारी गाठ, मग ती दुखत नसली तरीही.

२. एक डोळा पुढे येणे किंवा पापणी खाली उतरणे.

३. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, किंवा कानातून मांसल वाढ दिसणे.

४. लघवीस अडथळा होणे किंवा लघवीत रक्त येणे.

मूल पुष्कळदा “पडलो म्हणून सूज आली” असे सांगते. पडल्याने हा रोग होत नाही. पडल्यामुळे आधीची गाठ ध्यानात येते इतकेच. मार बरा झाला तरी सूज राहिली तर संशय घ्यावा.

शिक्षकाने रोगाचे नाव उच्चारून घरच्यांस भयभीत करू नये. मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, एवढेच निक्षून सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा असे मूल आवर्जून दाखवावे. परंतु त्याची वाट पाहत बसू नये. गाठ चोळणे, तिच्यावर डाग देणे किंवा लेप लावत महिने घालविणे यांपासून पालकांस परावृत्त करावे. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. त्या तपासणीवाचून निदानच होत नाही. खर्चाच्या चिंतेने पालक मागे हटत असतील तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करण्यास सांगावे.

उपचारानंतर

उपचार अनेक महिने चालतात. केस गळतात, अशक्तपणा येतो व इतर रोगांशी झुंजण्याची शक्ती घटते. वर्गात गोवर किंवा कांजिण्या आल्यास अशा मुलाच्या घरी त्याच दिवशी कळवावे. त्याचे नाव पटावर राहील, बुडालेला अभ्यास घरी पोहोचेल व केस गळाल्याबद्दल कोणी चिडविणार नाही, याची दक्षता वर्गशिक्षकाने घ्यावी. रोगातून उठलेल्या मुलास आपली जागा वर्गात राखलेली दिसणे, हाही त्याच्या बरे होण्याचाच एक भाग आहे.