लॉर्ड्सवर एकटा लढलेला विनू

गोलंदाज धावत आला, चेंडू हातातून सुटण्याआधीच पलीकडचा फलंदाज क्रीज सोडून पुढे सरकला, आणि गोलंदाजाने चेंडू टाकायचे सोडून तिथल्याच यष्ट्या उडवल्या. असे झाले की टीव्हीसमोर बसलेली शाळकरी पोरेही ओरडतात, 'मंकडिंग!' पण हा मंकड कोण, असे विचारले तर त्यांच्या वडिलांनाही धड सांगता येत नाही. भारताला पहिलावहिला कसोटी विजय मिळवून देणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

मूळवंतराय हिंमतलाल मंकड हे त्याचे पूर्ण नाव, पण सगळ्यांसाठी तो विनू. जन्म 12 एप्रिल 1917 चा, जामनगरचा. म्हणजे रणजितसिंहांच्या नवानगर संस्थानचा. उजव्या हाताने फलंदाजी करायची आणि डाव्या हाताने फिरकी टाकायची, असा हा दुहेरी कारभार. 1937-38 मध्ये लॉर्ड टेनिसनचा संघ भारतात आला तेव्हा वीस वर्षांच्या विनूने फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्हींत पाहुण्यांना थक्क केले. मग महायुद्ध आले आणि ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. विनूने पहिला कसोटी सामना खेळला तो 1946 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी. त्या इंग्लंड दौऱ्यात त्याने हजारावर धावा आणि शंभरावर बळी असा पराक्रम केला.

मद्रासचा विजय

भारत 1932 पासून कसोटी खेळत होता. वीस वर्षे झाली, चोवीस सामने झाले, पण विजय एकही नाही. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध पंचविसावा सामना सुरू झाला. पहिल्याच डावात विनूने 55 धावांत 8 बळी घेतले. त्यातले चार फलंदाज तर यष्टिरक्षक खोकन सेनने यष्टिचीत केले. चेंडू हवेत असा तरंगायचा की फलंदाजाला पुढे यावेसे वाटायचे, आणि तो पुढे आला की फसायचा. दुसऱ्या डावात आणखी चार बळी पडले. विजय हजारेच्या संघाने तो सामना एक डाव आणि 8 धावांनी जिंकला.

एवढे झाल्यावर त्याच उन्हाळ्यात इंग्लंडला जाणाऱ्या संघात विनूचे नाव सर्वांत आधी असेल, असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही! त्या काळी कसोट्या खेळून घर चालत नसे. विनूला लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबने व्यावसायिक खेळाडू म्हणून बोलावले होते. संघात निवड होईल अशी हमी मिळाली तर क्लबला नकार देतो, असे त्याने सांगून पाहिले. क्रिकेट मंडळाने हमी दिली नाही. बायकामुले असलेल्या माणसाने करायचे काय? त्याने क्लबचा करार केला.

पुढे काय झाले ते ठाऊकच आहे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी दाणादाण उडाली. मग मंडळाला विनूची आठवण झाली आणि त्याला सोडा म्हणून हॅसलिंग्डनकडे शब्द टाकावा लागला.

लीग क्रिकेटमधून उठून आलेला विनू थेट लॉर्ड्सवर सलामीला उतरला. पहिल्या डावात 72 धावा. नंतर इंग्लंडने 537 धावा कुटल्या, त्यात विनूने 73 षटके टाकून पाच गडी बाद केले. एवढे खांदे मोडून घेतल्यावर माणूस विश्रांती मागेल. हा पुन्हा पॅड बांधून सलामीला आला आणि त्याने 184 धावा काढल्या. भारत आठ गड्यांनी हरला, पण तो सामना इंग्रजसुद्धा 'मंकडची कसोटी' म्हणूनच ओळखतात. लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शतकवीरांचा एक फलक आणि पाच बळी घेणाऱ्यांचा दुसरा. दोन्हींवर नाव असलेले परदेशी खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात कीथ मिलर आहे, गॅरी सोबर्स आहे आणि विनूही आहे.

सिडनीतला तो क्षण

आता त्या बदनाम शब्दाकडे वळू. 1947 च्या डिसेंबरात सिडनी कसोटीत विनूने बिल ब्राऊनला वर सांगितल्याप्रमाणे धावबाद केले. याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात त्याने ब्राऊनला ताकीद दिली होती आणि नंतर असेच बाद केले होते. तरी ब्राऊनची सवय सुटली नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रांनी काहूर माजवले. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन विनूच्या बाजूने उभा राहिला. आत्मचरित्रातही त्याने हे नियमाला धरूनच होते असे लिहिले. त्याच मालिकेत विनूने मेलबर्नवर दोन शतके ठोकली, ती मात्र लोक विसरले.

1956 च्या जानेवारीत मद्रासलाच न्यूझीलंडविरुद्ध पंकज रॉयबरोबर त्याने 413 धावांची सलामी दिली. हा विश्वविक्रम 2008 पर्यंत टिकला. विनूच्या त्या 231 धावांना भारतीय फलंदाजांपैकी प्रथम ओलांडले ते सुनील गावसकरने, 1983 मध्ये. 44 कसोट्यांत विनूच्या 2109 धावा आणि 162 बळी. पहिल्या हजार धावा आणि शंभर बळी त्याने 23 कसोट्यांत पुरे केले. तो वेग 1979 मध्ये इयान बोथमने मागे टाकला. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर तो फलंदाजीला आला. संघाला गरज पडेल तिथे विनू, असा हिशेब.

त्याचा मुलगा अशोकही भारताकडून 22 कसोट्या खेळला. 1973 मध्ये विनूला पद्मभूषण मिळाले. 21 ऑगस्ट 1978 रोजी मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हा तो 61 वर्षांचा होता. वानखेडे स्टेडियमच्या एका प्रवेशद्वाराला त्याचे नाव आहे, 19 वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धाही त्याच्याच नावाने खेळली जाते.

'मंकडिंग' हा शब्द वापरू नका, असे गावसकर अनेकदा सांगत आले. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने विनूला आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये घेतले. 2022 च्या ऑक्टोबरपासून अशा प्रकारे बाद करण्याचा नियम 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'च्या कलमात घातला गेला. त्याच्या आठवडाभर आधी दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला याच पद्धतीने बाद करून भारताला सामना जिंकून दिला होता. मैदान होते लॉर्ड्स.